कच्च्या तुरुंगातला जन्म

डहाणूच्या मामलेदार कचेरीच्या मागच्या अंगाला एक बैठा, कौलारू, दगडी तुरुंग होता. खाडीवरून येणारा खारा वारा त्याच्या गजांना वर्षभर गंज चढवी आणि आम्ही वर्षभर तो खरवडीत असू. लोक त्याला कच्ची जेल म्हणत. ज्याला शिक्षा झाली तो पक्का कैदी. त्याची रवानगी मोठ्या तुरुंगात होई. ज्याच्या खटल्याचा निकाल लागायचा आहे तो कच्चा. आमच्याकडचे सगळे कच्चे.

मी त्या तुरुंगाचा कारकून होतो. वडिलांनी मला वेदशाळेत घातले ते याज्ञिकी करण्यासाठी. पुढे इंग्रजी चार इयत्ता झाल्या आणि परमेश्वराने माझ्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा बांधला. आप्तांना याचे वाईट वाटे. मला तसे कधी वाटले नाही. गाभाऱ्याची किल्ली सांभाळणारा आणि कोठडीची किल्ली सांभाळणारा, दोघांनाही दार हळू उघडावे लागते. आत कोणीतरी आहे, याचे विस्मरण दोघांनाही परवडत नाही.

देश नुकताच स्वतंत्र झाला होता, राज्य मुंबईचे होते, दारूबंदीचा अंमल कडक होता, आणि आमचा तालुका ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला गुजराती मुलखाला खांदा लावून उभा होता. तुरुंगात येणारे बहुतेक लोक गावठी दारूचे, जंगलातल्या लाकडाचे आणि बांधावरच्या भांडणाचे. पण दरवर्षी एखाददुसरा असा येई, की जो आपल्यावर कसला आरोप आहे हेच जाणत नसे. कोणी भिंतीशी बोले, कोणी अन्नाकडे विष असल्यासारखे पाही, कोणी मुळीच बोलत नसे. अशा माणसाबद्दल कायद्याची भूमिका मला नेहमी आदरणीय वाटत आली आहे. न्यायासनासमोर उभे राहायलाही शुद्ध लागते, असे कायदा म्हणतो. जो स्वतःचा बचाव करू शकत नाही त्याचा न्याय करता येत नाही. आधी त्याला बरे करा, मग आमच्यापुढे आणा. धर्मशास्त्राचेही मत याहून वेगळे नाही. अडचण एवढीच, की बरे करण्याची सोय जिल्ह्याच्या ठिकाणच्या वेड्यांच्या इस्पितळात, आणि तेथे जागा मिळून सरकारी हुकूम येईपर्यंत तो माणूस आमच्याकडे.

मग त्याचे करायचे काय? पुस्तकात लिहिलेले नव्हते, म्हणून आम्ही हळूहळू शिकलो. दारात उजेड पाठीशी घेऊन उभे राहायचे नाही. त्याला आपली केवळ काळी आकृती दिसते. आत पाऊल टाकण्यापूर्वी त्याचे नाव घ्यायचे. मग खाली बसायचे. आधी पाणी, नंतर प्रश्न. आणि रोज त्याच वेळी, त्याच माणसाने जायचे. मी सकाळची संध्या आटोपून आलो, की अंगणात फेऱ्या घालीत स्तोत्र म्हणत असे. हा माझा नित्यनेम. त्यामागे वैद्यकी नव्हती. पण दवाखान्याचे डॉक्टर, जे स्वभावाने नास्तिक आणि वृत्तीने ऋषी होते, ते एकदा म्हणाले, "चालू ठेवा. देवाला ऐकू जाते की नाही हे तुम्ही पाहा. पण त्या कोपऱ्यातल्याला ऐकू जाते, हे मी पाहिले आहे."

आमच्यातला तिसरा म्हणजे तात्याबा हवालदार. साताऱ्याकडचा, आडव्या बांध्याचा, मोठ्या आवाजाचा आणि अत्यंत मऊ काळजाचा माणूस. आवाज चढवून तो स्वतःचे काळीज झाकीत असे.

सोंगाडेही येत. आगरचा एक मंगा गूळ आणि भट्टीच्या सामानासह पकडला गेला. त्याने दुसऱ्याच दिवशी भुंकायला सुरुवात केली. तात्याबा घाबरला. डॉक्टरांनी शांतपणे तपासले आणि मंग्याला ऐकू जाईल अशा बेताने मला म्हणाले, "लक्षणे सगळी जमतात. एकच शंका आहे. असा रोगी चहाला शिवत नाही." मंगा चहाचा भोक्ता. दुसऱ्या सकाळी त्याने पेला दूर लोटला खरा. पण तात्याबा त्याच्यासमोर बसून आपला चहा फुंकर घालून पिऊ लागला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. दुपारच्या चहाला तो गजांशी येऊन म्हणाला, "हवालदार, मी शाना झालो. द्या आता."

वरोरचा धर्मा तांडेल मात्र सोंगाड्या नव्हता. किनाऱ्यावर वाळत घातलेली इतरांची जाळी तो उचलून नेई. चोरीचा आरोप होता. कोठडीत तो हवेतच बोटे चालवी. मी त्याला सुतळीचा गुंडा दिला आणि तो रात्रंदिवस गाठी मारू लागला. विचारले तर म्हणे, "भोक राहिलं असेल तं?" त्याचा धाकटा भाऊ वादळात गेला होता, आणि जाळ्यातल्या एका भोकातून तो निसटला, अशी या माणसाची समजूत झाली होती. चोरलेली जाळी त्याच्या घराच्या माळ्यावर सापडली. एकूणएक दुरुस्त केलेली. फिर्यादी पंचनाम्याला आले, जाळी उलगडून पाहिली आणि त्यांच्यातला एक मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, फिर्याद मागे घेतो. पण त्याला जरा दमानं सोडा. माझं आणखी एक फाटलंय." डॉक्टरांच्या औषधाने आणि त्याहून अधिक त्या लोकांच्या पुनःपुन्हा येण्याने धर्मा सावरला.

सगळेच सावरले नाहीत. बाळंतपणात भ्रमिष्ट झालेल्या एका बाळंतिणीला आम्ही त्या इस्पितळात पाठवले, तिला न्यायला कोणी आले नाही, आणि ती तिकडेच संपली. तिचे नाव मी रोजच्या तर्पणात घेतो. त्याविषयी अधिक लिहिण्याचे सामर्थ्य माझ्यात नाही.

आता जान्याची गोष्ट सांगतो. हा लेख मुळात त्याच गोष्टीसाठी आहे.

जान्या तलासरीकडच्या एका पाड्यावरचा. दिवाळीनंतर गवत कापायचा, एरवी बोर्डीकडच्या एका चिकूच्या वाडीत मजुरी करायचा. एके दुपारी त्याने वाडीचा रखवालदार दलपत याच्या खांद्यावर कोयता मारला. भांडण नव्हते, शब्दाला शब्द झाला नव्हता. मारले आणि तेथेच झाडाखाली बसून राहिला. आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या कानात कोणी सतत बोलत असे; पुढे ते बोलणेही थांबले आणि जान्या लाकूड झाला. डोळे उघडे, पण दृष्टी नाही. हात उचलून ठेवला तर तो हवेतच राही. एकदा तात्याबाने त्याच्या हातात पेला दिला आणि तो दुसऱ्या कैद्याकडे वळला. अर्ध्या प्रहराने पाहतो, तर पेला तसाच तोंडापासून वीतभर अंतरावर. मी रोज सकाळी त्याचा तो उजवा हात धरून खाली आणी, तेल चोळी, चमच्याने पेज भरवी. त्या शरीरात कोणी तरी आहे, या श्रद्धेखेरीज माझ्याजवळ दुसरे साधन नव्हते.

इस्पितळाचा हुकूम आला. तात्याबा आणि दोन शिपाई त्याला खुर्चीसकट उचलून, मग डोलीत आडवा घालून, स्टेशनवर घेऊन गेले आणि गाडीत बसवून जिल्ह्याला पोचवून आले.

त्यानंतर काही वर्षे लोटली. महाराष्ट्र राज्य झाले. तिकडच्या डॉक्टरांनी विजेचे उपचार केले, मग नव्याने निघालेल्या गोळ्या सुरू केल्या, आणि एके दिवशी पत्र आले, की आरोपी आता शुद्धीवर असून स्वतःचा बचाव करण्यास समर्थ आहे. पाठोपाठ जान्या आला. स्वतःच्या पायांनी! तुरुंगाच्या दारात थांबून त्याने जोहार केला आणि म्हणाला, "बामणदादा, तुझं गाणं माना ऐकू येत होतं. पण माझं त्वांड माझं नव्हतं."

डॉक्टर बाजूलाच होते. त्यांनी चष्मा बराच वेळ पुसला.

खटला पुन्हा उभा राहिला. दलपत साक्षीला आला. त्याचा डावा हात पुरता वर जात नसे. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारले, "आरोपीविरुद्ध तुझे काय म्हणणे आहे?"

दलपतची मराठी अर्धी गुजराती. तो म्हणाला, "साहेब, मारला ते खरा. पण मारला तेव्हा मी याचा डोळा बघितला. आत कोणी नव्हता. आज बघतो तर हा घरमां आहे. घरमां नव्हता त्याच्यावर मी फिर्याद कशी करू?"

साहेबांनी निकाल दिला: कृत्य घडले, पण करणारा त्या वेळी शुद्धीत नव्हता, म्हणून निर्दोष. परंतु निर्दोष म्हणजे मोकळा नव्हे. अशा माणसाला नातेवाइकाने अर्ज करून, मी याची काळजी घेईन, औषध देईन, वेळोवेळी तपासणीस हजर करीन, असे लिहून द्यावे लागते. ते झाले तर घर; न झाले तर पुन्हा इस्पितळ, सरकारची आज्ञा होईपर्यंत. आणि सरकारची आज्ञा कधी होते, हे त्या बाळंतिणीच्या उदाहरणावरून मला ठाऊक होते.

जान्याच्या बायकोला, चैतीला, समन्स गेले. पुढच्या तारखेला ते परत आले. त्यावर शेरा होता: जान्या मयत; दिवस घातले; बायको विधवा.

साहेबांनी तो वाचला, चष्म्यावरून आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहिले आणि विचारले, "मग हा कोण उभा आहे?"

"मीच तो, साहेब," जान्या म्हणाला.

सगळे हसले. जान्याही हसला. पण त्याला नेऊन कोठडीत बसवले आणि सायंकाळी तात्याबाने पाणी दिले, तेव्हा त्याचा पेला धरलेला हात तोंडापाशी जाऊन थांबला. थांबूनच राहिला. मी जवळ जाऊन त्याचे नाव घेतले. पुन्हा घेतले. तेव्हा त्याने घोट घेतला आणि म्हणाला, "माना कोणी मारलं, बामणदादा?"

डॉक्टर म्हणाले, "याला औषधाने इथवर आणले. इथून पुढे औषध एकटे पुरायचे नाही. याला घर पाहिजे, आणि लवकर." साहेबांनी पुढची तारीख दिली आणि सांगितले, की त्या दिवशीही कोणी आले नाही तर नाइलाज आहे.

रविवारी मी आणि तात्याबा निघालो. तलासरीपर्यंत एस.टी., पुढे पायी. जान्याचा बाप बारक्या, केस पांढरे झालेला, अंगणात टोपली विणीत होता. चैती ओट्याच्या टोकाला. गळ्यात मणी नव्हते. पाड्यावरची माणसे जमली, आणि त्यांच्यात लाडकी आय येऊन बसली. ती धवलेरी, म्हणजे वारली लोकांत लग्न लावणारी बाई. त्यांच्या लग्नात मंत्र बाई म्हणते, आणि तिच्या गाण्यावाचून लग्न लागत नाही. तोंडात तंबाखू, कमरेत वाक, डोळे मात्र सुईसारखे.

मी सांगितले, की जान्या जिवंत आहे. कोणाला ते पटले नाही.

तात्याबा पुढे सरसावला. "आवो, जित्ता हाय त्यो! आज सकाळी माझ्याच हातची भाकर खाल्ली त्यानं!"

बारक्याने हातातली कांब खाली ठेवली. "तूच त नेलास त्याला, हवालदार. आम्ही टेशनावर भाकर घेऊन आलो होतो, मी नि ही पोर. तो डोलीत आडवा. लाकडासारखा ताठ. वरून पांढरी चादर, त्वांडावर पण. जित्त्या माणसाचं त्वांड कोण झाकतो?"

तात्याबाचा तो दणदणीत आवाज कोठे गेला कोण जाणे. "ऊन व्हतं, बाबा," तो पुटपुटला. "माश्या बसत व्हत्या त्याच्या डोळ्यावर. त्याला हाकलता येत न्हवत्या... म्हनून झाकलं."

सारे स्पष्ट झाले. भाकर तशीच घेऊन ती दोघे परत आली होती. देह नव्हता, म्हणून पाड्याने गवताचा जान्या केला, त्याला अग्नी दिला, दिवस घातले, गाऊन-वाजवून त्याला पितरांची वाट दाखवली. त्यांनी काहीच चुकीचे केले नव्हते. त्यांनी आपल्या माणसाला रीतीने निरोप दिला होता.

चैती प्रथमच बोलली. "तो बोलतो का?"

"बोलतो. तू कशी आहेस म्हणून रोज विचारतो."

"रोज विचारतो नि येत नाय," ती म्हणाली, आणि पदर तोंडावर घेतला.

"कसा येल?" एक म्हातारा म्हणाला. "वाट दावलेला माणूस मागं आला त एकटा जात नाय. पाड्यातून कोणाला तरी घेऊन जातो."

भीती खोटी नव्हती; डोळ्यांत दिसत होती. तिला अडाणीपणा म्हणणे सोपे होते. पण माझ्या मनात वेदशाळेतला एक जुना पाठ उभा राहिला. मी म्हणालो, "आमच्यातही असे घडते. परदेशी गेलेला मेला समजून घरचे क्रिया करतात आणि मग तो दारात येतो."

लाडकी आयने तंबाखू बाजूला सारली. "तुमच्यातपण मेलेलं परत येतात?"

"येतात. क्वचित येतात."

"मंग काय करता? हाकलता?"

"नाही. आमचे शास्त्र सांगते, की तो मेला हे खरे माना. मग त्याला पुन्हा जन्माला घाला. तुपाच्या घड्यात स्नान, मग बारसे, मग सगळे संस्कार, आणि शेवटी स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न."

अंगणातल्या बायकांत हशा पिकला. "एवढा मोठा पोर! कोण आय जणेल त्याला?" "नि त्याला दूध कोण पाजेल?" "हवालदारच पाजेल, त्यानंच मारला ना!" तात्याबा लाजून लाल झाला.

लाडकी आय मात्र हसत नव्हती. "तूप कठून आणू, बामणा? दिव्याला तेल नाय. पाणी चालेल का तुझ्या शास्तराला?"

"चालेल."

"आमच्या हातचं पाणी तुला चालेल का? सकाळपासून चालतोयस, तांब्या तर गळ्यात बांधून आणलास."

माझा तांब्या मी खाली ठेवला आणि तिने दिलेल्या वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यातले पाणी प्यायलो. ते थंड आणि गोड होते. ती मान हलवीत म्हणाली, "मंग ऐक. पोर जन्मला का सुईण न्हाऊ घालते, नाळ कापते, नाव ठेवते. तेवढं झालं का मी लगीन लावीन. मेलेल्याचं नाय लावायची. आधी जन्म."

"पण जन्म कोठे?" बारक्या म्हणाला. "पाड्यात त मेलेला यायचा नाय."

आणि तेथे गाठ पडली. जन्माशिवाय जान्या पाड्यात येऊ शकत नव्हता. नातेवाइकाच्या अर्जाशिवाय तुरुंगातून सुटू शकत नव्हता. आणि मेलेल्याला नातेवाईक नसतो. मी डोके धरून बसलो. तेव्हा तात्याबा, ज्याला आयुष्यात कोणी सल्ला विचारला नसेल, हळूच म्हणाला, "कारकूनसायेब, जेलात विहीर हाय की."

लाडकी आयने त्याच्याकडे पाहिले. "हा शिपाई आता कामाचं बोलला."

"आणखी एक विचारायचे आहे," मी म्हणालो. "बारशाला नाव दुसरे ठेवू नका. न्यायालयाचा हुकूम जान्याच्या नावाचा आहे. नाव बदलले तर साहेबांसमोर मी काय सांगू?"

"वेडा का काय तू," ती म्हणाली. "घरातला मेलेलाच पोटी परत येतो, नि त्याचंच नाव ठेवतात. जान्या मेला, जान्या आला. दुसरं नाव ठेवायला शेजाऱ्याचा पोर आहे का?"

चैती पदराआडून म्हणाली, "पयल्या लग्नाला त्यानं आणलं ते लुगडं आखूड होतं. या वक्ताला लांब घेईन, सांगा त्याला."

मी मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे गेलो आणि सर्व वृत्तांत सांगितला. ते गंभीर प्रकृतीचे गृहस्थ. ऐकून घेतल्यावर त्यांनी खिडकीबाहेर पाहिले आणि म्हणाले, "कैद्याला स्नान घालण्यास नियमाची हरकत नाही. भेटीस येणारे नातेवाईक स्त्रिया असण्यासही नाही. स्नानाच्या वेळी त्या काय गातात, याबद्दल नियम मौन पाळतो. मीही पाळतो." मामलेदारसाहेबांनीही मान डोलावली.

ठरलेल्या सकाळी लाडकी आय, पाड्याची सुईण, बारक्या आणि चार बायका आल्या. चैती आली नाही. नवऱ्याच्या जन्माला नवरी हजर राहत नसते, असे सुईणीने ठणकावून सांगितले. डॉक्टर आले ते केवळ रोग्याची नाडी पाहण्यासाठी, असे त्यांनी मला दोनदा सांगितले. इतर कैद्यांना आम्ही ओवरीत बसू दिले. गजांचा गंज त्या दिवशी खरवडला गेला नाही.

विहिरीजवळ जान्याला गुडघे पोटाशी घेऊन बसवले. सुईणीने त्याच्या बेंबीला सुताचा दोरा लावला. लाडकी आय गाऊ लागली. त्या गाण्यातला एक शब्दही मला समजला नाही आणि काहीही समजायचे राहिले नाही. बायकांनी घागरीवर घागर ओतली. पाणी थंडगार होते. जान्याचे दात वाजू लागले. सुईणीने विळीच्या पात्याने दोरा कापला आणि त्याच्या पाठीवर एक सणसणीत चापट मारली.

"रड!"

जान्याला हसू आले.

"जन्मलेलं पोर हसतं का कधी? रड रे, मुडद्या!" तिने दुसरी चापट मारली.

मग त्याने बापाकडे पाहिले. बारक्या कोपऱ्यात उभा होता, आणि त्याच्या हातात फडक्यात बांधलेली एक भाकर होती. स्टेशनवरून परत न्यावी लागली होती तशी. जान्याचे तोंड वाकडे झाले आणि तो रडू लागला. मोठ्याने, लहान मुलासारखा, आवाज फुटेल तसा. ज्या कंठातून एके काळी हुंकारही निघत नव्हता, त्यातून तो आवाज तुरुंगाच्या चारी भिंतींवर आदळला. ओवरीतले कैदीही रडत होते. तात्याबा भिंतीकडे तोंड करून उभा होता. डॉक्टरांच्या चष्म्याविषयी मी लिहीत नाही.

"काय नाव?" सुईणीने विचारले.

"जान्या," सगळ्या बायका एका आवाजात म्हणाल्या.

मी मनातल्या मनात जातकर्माचा मंत्र म्हटला. तो म्हणण्याचा अधिकार मला त्या ठिकाणी होता की नाही, याचा विचार मी आजवर केलेला नाही.

मग डॉक्टरांनी गोळ्यांची डबी बारक्याच्या हातात दिली. रोज एक, कधीही चुकवायची नाही, बरे वाटले तरी. लाडकी आयने डबी हलवून पाहिली. "हे बाळकडू समजा," ती बारक्याला म्हणाली. "पोर मोठा झाला तरी देयाचं." डॉक्टर मला नंतर म्हणाले, की औषध का चालू ठेवायचे हे समजावताना ते नेहमी थकत, यापुढे ते हेच सांगणार.

त्याच दिवशी दुपारी न्यायालयात पुकारा झाला. साहेबांनी विचारले, "आरोपीचे कोणी आहे का?"

बारक्या पुढे झाला. "मी बाप आहे, साहेब. सकाळीच झालो."

साहेबांनी लेखणी उचलली. त्यांचा चेहरा स्थिर होता. त्यांनी ते उत्तर जसेच्या तसे उतरवून घेतले. बारक्याने अंगठा उठवला. साक्षीदार म्हणून सही हवी होती, तेव्हा मागच्या बाकावरून दलपत उठला आणि आपला बरा हात पुढे करून त्याने गुजराती अक्षरांत सही केली.

जान्या दारातून बाहेर पडला तेव्हा दुपारचे ऊन तापले होते. कोणीतरी त्याच्या डोक्यावर फडके टाकायला गेले. तात्याबा असा ओरडला, की कचेरीच्या कौलांवरचे कावळे उडाले: "काय टाकू नका! उघडाच जाऊ द्या त्याला!" आणि एस.टी.च्या थांब्यापर्यंत तो जान्याच्या पुढे चालत गेला. वाटेत जो भेटेल त्याला थांबवून तो सांगत होता, "बगून घ्या. त्वांड बगून घ्या."

लग्नाला मला बोलावणे होते. भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक लिहिला होता, लाडकी आय गात होती, आणि चैतीचे लुगडे खरोखरच लांब होते. ती चालताना अडखळली तेव्हा बायकांनी तिची इतकी थट्टा केली, की जान्याला मध्ये पडावे लागले. मी अक्षता टाकल्या. माझ्या आयुष्यात मी लावलेली लग्ने थोडी, पाहिलेली पुष्कळ. पण नवऱ्याच्या बारशाला हजर राहून मग त्याच्या लग्नाला गेलो तो त्याच एका वेळी.

हुकुमाप्रमाणे जान्याला वेळोवेळी तपासणीस हजर करायचे होते. बारक्या कधी चुकला नाही. तो यायचा, जान्या यायचा, डॉक्टर विचारपूस करायचे, डबी भरून द्यायचे. एकदा मध्येच जान्याची झोप उडाली, कानात पुन्हा कुजबुज सुरू झाली. पण बापाने तारखेची वाट पाहिली नाही, त्याच दिवशी घेऊन आला, आणि ती कुजबुज गोळी वाढवताच मावळली. लोक विचारतात, इतक्या वर्षांच्या नोकरीत तुम्ही काय कमावले? मी म्हणतो, गोळ्यांची एक डबी, आणि ते त्यांना समजत नाही.

हुकुमातल्या शेवटच्या तपासणीला दोघांबरोबर चैतीही आली. बाहेर वैशाखाचे ऊन. तिच्या कडेवर एक गाठोडे होते, वरून पांढऱ्या फडक्याने पूर्ण झाकलेले. जान्या अभिमानाने म्हणाला, "हवालदार, बघ, पोर आणला दाखवायला. ऊन लागतं म्हणून झाकलाय."

तात्याबा तोवर निवृत्तीला आला होता आणि त्याचे गुडघे दुखत. पण खुर्चीवरून तो एखाद्या तरुण शिपायासारखा उठला. दोन ढांगांत चैतीजवळ पोचला आणि त्याने ते फडके ओढून काढले.

"आधी त्वांड उघडा त्याचं," तो म्हणाला.

उजेड डोळ्यांवर येताच पोर दचकले, आणि सगळा तुरुंग भरून जाईल असे रडले.